कामात माणूस मागे पडला की आपण फक्त माणसाकडेच का बघतो?

मांडवीकर (धागाकर्ता)

आमच्याकडे सध्या मूल्यमापनाचे फॉर्म भरायचे दिवस आहेत. मी बडोद्यात मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात उत्पादन विभागात आहे. माझ्या हाताखालच्या माणसांचे फॉर्म मलाच भरावे लागतात. त्यातले रकाने असे: वक्तशीरपणा, पुढाकार, शिस्त, सहकार्य, शिकण्याची तयारी. सगळे माणसाच्या स्वभावाबद्दलचे. वर्षभर त्याला कोणतं मशीन दिलं होतं, माल वेळेवर आला का, पाळी कितीदा बदलली, मध्येच सुपरवायझर बदलला का, यासाठी एकही रकाना नाही. आणि या कागदावर त्याची पगारवाढ ठरते.

हे मला अन्यायाचं वाटतं, आणि धंद्याच्या दृष्टीने नुकसानीचंही. म्हणून हा धागा.

कुर्त लेविन या मानसशास्त्रज्ञाने १९३६ साली मांडलं की माणसाचं वर्तन दोन गोष्टींवर ठरतं: तो स्वतः कसा आहे, आणि त्याच्या भोवती काय आहे. वाचताना कुणीही मान डोलावेल. पण रिजेक्शन, म्हणजे नापास माल, वाढलं की आपण पहिला प्रश्न काय विचारतो? "कुणी केलं?" टूल केव्हा बदललं होतं, हे कुणी विचारत नाही. १९७७ साली ली रॉस यांनी नेमक्या याच खोडीवर बोट ठेवलं. दुसऱ्याच्या वागण्याचा अर्थ लावताना आपण त्याच्या स्वभावाला वाजवीपेक्षा जास्त वजन देतो आणि परिस्थितीला कमी.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण शोधायला आपल्याला बडोद्याबाहेर जावं लागत नाही. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली शिष्यवृत्ती देऊन बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेत पाठवलं. कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. झाली, पुढे लंडनला अर्थशास्त्राचं आणि कायद्याचं शिक्षण सुरू झालं. शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा करारानुसार संस्थानच्या नोकरीसाठी ते १९१७ च्या सप्टेंबरात इथे आले. त्यांना पुढे अर्थखात्याची जबाबदारी द्यावी असा महाराजांचा विचार होता. बुद्धी, शिक्षण, कष्टाची तयारी आणि थेट राजाचा पाठिंबा, सगळं होतं.

कचेरीत काय झालं? शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकत. प्यायला पाणी मिळत नसे. गावात राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. तिथे अकराव्या दिवशी हातात काठ्या घेऊन माणसं आली आणि त्यांना बाहेर पडायला लावलं. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता. त्यांनीच लिहून ठेवलंय की तो अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला आणि उत्तर यायच्या आत ती वेळ येऊन ठेपली. कमाटीबागेत बसून त्यांनी गाडीची वेळ होईपर्यंतचे तास काढले आणि मुंबईला परतले. पुढे १९२३ साली याच माणसाला लंडन विद्यापीठाची डी. एस्सी. मिळाली.

ही जातीच्या क्रूरतेची गोष्ट आहे आणि ती आधी तशीच वाचली पाहिजे. पण कामाच्या ठिकाणाबद्दल विचार करणाऱ्याने त्यातला आणखी एक धागा सोडू नये. सगळ्यात वरच्या माणसाची इच्छा चांगली होती, तरी ती टेबलापर्यंत पोचली नाही. शिपाई, कारकून, बंगल्याचा अर्ज हातात असलेला अधिकारी, राहायची जागा, प्यायचं पाणी: रोजचं काम या पातळीवर चालतं किंवा मोडतं. आजही एखाद्या विभागात दलित मुलगा किंवा एकटी मुलगी रुजू होते आणि काही महिन्यांत नोकरी सोडते. तिच्या कागदावर "जुळवून घेता आले नाही" असं लिहिलं जातं. कोणी कोणाशी जुळवून घ्यायचं होतं, हे त्या कागदावर नसतं.

दुसरं उदाहरण अहमदाबादचं. १९५३ साली कॅलिको मिलने नवे स्वयंचलित माग बसवले होते, पण अपेक्षेइतकं उत्पादन येत नव्हतं आणि कापडही खराब निघत होतं. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे सल्लागार म्हणून आले. त्यांना दिसलं की २२४ मागांवर २९ माणसं १२ वेगवेगळी कामं करतायत. विणकर वेगळा, बॉबिन भरणारा वेगळा, तुटलेला ताणा सांधणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा. प्रत्येकाच्या वाट्याला मागांची संख्या निराळी, त्यामुळे कोण कोणाबरोबर काम करतो हे पक्कं नव्हतं. सूत तुटलं की सगळ्यांचं काम अडायचं, पण ते सगळ्यांचं मिळून एक काम आहे असं कोणालाच वाटण्याची सोय नव्हती. ठरलेल्या मागांना ठरलेला छोटा गट, अशी कल्पना पुढे आली तेव्हा कामगारांनी स्वतःच आपापले गट पाडले. घडी बसल्यावर उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. माणसं तीच, माग तेच.

आता तुमच्याकडचं सांगा. तुमच्या कामाच्या जागी नेमकं काय बदललं की माणूस बदलतो? पुस्तकी उत्तरं नकोत, पाहिलेलं लिहा.

---

नंदेसरी_पाळी

चांगला विषय. मी केमिकल प्लँटमध्ये ऑपरेटर आहे, तिन्ही पाळ्या करतो.

रात्री तीन ते पाच या वेळात माणसाच्या शरीराचं तापमान उतरलेलं असतं आणि लक्ष सगळ्यात कमी असतं. कितीही जुना ऑपरेटर असो. त्या वेळी चुकलेल्या रीडिंगसाठी "निष्काळजी" असा शेरा बसतो. तोच माणूस दुपारच्या पाळीत दुसऱ्याच्या चुका पकडतो. पाळ्यांचा क्रमही बघा. सकाळ, मग दुपार, मग रात्र असं पुढे सरकत गेलं तर शरीर बरंचसं निभावतं. रात्रीवरून दुपार, दुपारवरून सकाळ असा उलटा क्रम फार जड जातो. हा बदल करायला कंपनीला एक पैसा लागत नाही, नुसता तक्ता बदलायचा.

आणि रात्रपाळीच्या माणसाची दुपारची झोप मे महिन्यातल्या बडोद्यात, वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. घरच्यांनी टीव्ही बंद ठेवायचा, मुलांनी हळू बोलायचं. त्याच्या घरचे सगळेच त्या पाळीत असतात.

उन्हाचं निघालंय म्हणून सांगतो. भारतातल्या कारखान्यांवर अर्थशास्त्रज्ञांनी केलेला एक अभ्यास २०२१ मध्ये छापून आला. त्यात सुरतेचे विणकर होते, दिल्लीच्या आसपासचे कपडे शिवणारे कारखाने होते, भिलाईचा पोलाद कारखाना होता. वर्षाचं तापमान एक अंशाने वाढलं तर कारखान्याचं उत्पादन सुमारे दोन टक्क्यांनी घटतं असं निघालं. थंडाव्याची सोय असेल तिथे माणूस कामावर असताना त्याचं काम फारसं पडत नाही. पण खाडे तिथेही वाढतात, कारण घरी थंडावा नसतो.

---

दांडियाबाजारची_मावशी

मांडवीकर, बाबासाहेबांचा प्रसंग इथे आणलास ते फार बरं केलंस. आम्ही लहानपणापासून कमाटीबागेत खेळलो, पण घरात ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती.

मी बँकेतून निवृत्त झाले. शाखा बदलली की माणूस बदलतो, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की बदलीचा हुकूम वाचून मला पुढचं सांगता येई. एक क्लार्क एका शाखेत "कटकट्या" म्हणून नावाजलेला. ग्राहकावर ओरडणारा, चार वाजले की उठणारा. आमच्याकडे आला तेव्हा मी त्याला पेन्शनचं काउंटर दिलं. आधीच्या शाखेत तो रोखीच्या खिडकीवर होता, समोर लांब रांग, मागे मॅनेजरची हाक, आणि कमी पडलेली रक्कम स्वतःच्या खिशातून. पेन्शनच्या काउंटरवर तीच म्हातारी माणसं दर महिन्याला येतात, नावाने ओळखतात, घरचं बोलतात. सहा महिन्यांत लोक त्याच्यासाठी थांबायला लागले. स्वभाव तोच होता, त्याला गप्पा लागत होत्या. रोखीच्या खिडकीवर त्या स्वभावाला जागाच नव्हती.

सगळेच असे खुलतात असं नाही. एकाला मी तीन काउंटर फिरवलं, काही उपयोग झाला नाही. पण फिरवून बघितल्याशिवाय ते कळलंही नसतं.

---

मकरपुरा_लेथ

मांडवीकरभाई, सगळं वाचलं. बराबर आहे, पण अर्धंच आहे.

माझं छोटं वर्कशॉप आहे, टर्निंगचं जॉबवर्क, म्हणजे लेथ मशीनवर धातूचे भाग मापात कातून देतो. माझ्याकडे दोन पोरं आहेत. शेजारी शेजारी लेथ, एकच पाळी, एकच पगार, चहासुद्धा एकाच किटलीतला. एकाचा जॉब मापात असतो आणि जाताना तो मशीन पुसून जातो. दुसऱ्याचं "चालशे", म्हणजे चालून जाईल. शंभर वेळा सांगितलं. आता यात परिस्थिती कुठे आली? तुम्ही सगळं परिस्थितीवर ढकललंत तर जो जीव ओतून काम करतो त्याला काय सांगायचं? त्याचं श्रेय पण परिस्थितीला?

---

मांडवीकर

लेथभाई, हा प्रश्न यायलाच हवा होता. लेविनच्या सूत्रात माणूस आहेच, मी तो पुसलेला नाही. १९९१ साली बॅरिक आणि माउंट यांनी बऱ्याच जुन्या अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. स्वभावाच्या गुणांपैकी चोखपणा, म्हणजे हातातलं काम नीट पूर्ण करण्याची वृत्ती, हा एकच गुण त्यांनी तपासलेल्या सगळ्या प्रकारच्या कामांत उपयोगी पडताना दिसला. तुमचा पहिला पोरगा तसा असणार. ते श्रेय त्याचंच.

पण दुसऱ्याबद्दल काही विचारतो. दोन्ही लेथ एकाच वयाच्या आहेत का? मापात न आलेला जॉब त्याला स्वतःला केव्हा कळतो, लगेच की गिऱ्हाइकाकडून परत आल्यावर? पगार एकच आहे म्हणालात. मग चोख काम केलं काय किंवा "चालशे" केलं काय, महिन्याच्या शेवटी त्याच्या हातात फरक काय पडतो?

पगारावरून एक गोष्ट. ओडिशात काही अर्थशास्त्रज्ञांनी मजुरांचे तिघातिघांचे गट केले. काही गटांत सगळ्यांना सारखा पगार, काही गटांत कमीजास्त. कमीजास्त पगाराच्या गटांत काम घटलं आणि हजेरीही घटली. ज्याला जास्त मिळत होतं तोही कमी येऊ लागला. पण कोण किती काम करतो हे जिथे सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होतं, तिथे हा परिणाम दिसला नाही. म्हणजे फरक माणसाला चालतो, त्याचं कारण दिसत नसेल तर चालत नाही. तुमच्या दोघांचे रोजचे चांगले जॉब फळ्यावर लिहून बघा, आणि चोख कामाला थोडं जास्त द्या. पहिल्या पोराला सांगायचंय ते असं सांगता येईल.

---

सुरसागर_शिक्षक

ओडिशाचंच आणखी एक संशोधन आठवलं, मला ते फार हलवून गेलं होतं. पत्रावळी बनवणारे मजूर होते. हातात पैसा नसण्याच्या दिवसांत काहींना त्यांच्याच मजुरीतला एक भाग ठरल्या दिवसाआधी दिला. एकूण मजुरी तेवढीच. पैसे हातात आल्यावर त्यांच्या पत्रावळी जास्त बनल्या, आणि चुकाही कमी झाल्या. जे जास्त गरीब होते त्यांच्यात फरक जास्त दिसला. उसनवारी कशी फेडायची हा विचार डोक्यातून उतरला की हात आपोआप चोख चालतात.

मी शाळेत हेच बघतो. फी थकलेल्या घरचं मूल वर्गात "लक्ष देत नाही". आणि शिक्षकांच्या खोलीत ज्याच्या घरी आजारपण आहे तो सहकारी "हल्ली चिडका झालाय". लेथभाई, तुमच्या त्या दुसऱ्या मुलाच्या घरी काय चाललंय, हे एकदा विचारा. चौकशी म्हणून नाही, माणूस म्हणून.

---

नवी_रुजू

मी शिकाऊ अभियंता आहे, पहिलीच नोकरी. दोन गोष्टी लिहिते.

आमचे सर कधी सांगत नाहीत की किती, केव्हापर्यंत. "तुझं बेस्ट दे" एवढंच. मग मी रात्री घरी येऊन विचार करत बसते की झालं ते पुरेसं होतं का.

दुसरं. चूक झाली की सगळ्यांसमोर बोलतात. त्यामुळे आता आमच्या टीममध्ये कोणी चूक सांगतच नाही. वर जाणाऱ्या रिपोर्टात आमची टीम सगळ्यात चांगली दिसते. मला भीती वाटते, कारण मला माहीत आहे खाली काय काय दडलंय.

---

मांडवीकर

बेटा, तुझ्या दोन्ही गोष्टी संशोधनात जशाच्या तशा सापडतात.

एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांनी ध्येयांवर वर्षानुवर्षं काम केलं. नेमकं आणि थोडं अवघड ध्येय दिलं तर माणूस "जमेल तेवढं कर" यापेक्षा चांगलं काम करतो. मात्र ते ध्येय त्याला मान्य हवं, कौशल्य हवं, आणि आपण कुठवर आलो हे मधून मधून कळत राहायला हवं. तू सोमवारी स्वतःच लिहून ने: "या आठवड्यात एवढं, शुक्रवारपर्यंत, चालेल ना सर?" बहुतेक साहेब हो म्हणतात. त्यांनाही ते ठरवायचा कंटाळा आलेला असतो.

दुसऱ्याबद्दल. एमी एडमंडसन हॉस्पिटलांतल्या औषधं देण्याच्या चुकांचा अभ्यास करत होत्या. अंदाज असा की चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील. आकडे उलटे आले, चांगल्या टीममध्ये चुकांच्या नोंदी जास्त. कारण शोधलं तेव्हा दिसलं की तिथल्या परिचारिका चुका बोलून दाखवत होत्या. बाकीच्या ठिकाणी त्या दडपल्या जात होत्या. तुझ्या टीमचा कोरा रिपोर्ट वाचून तुला भीती वाटते, ती अगदी रास्त आहे. केमिकलच्या गावात तर जास्तच.

---

नंदेसरी_पाळी

याला अनुमोदन. आमच्याकडे थोडक्यात टळलेले प्रसंग लिहायची वही आहे. ती कोरी असली की जुने लोक अस्वस्थ होतात.

सोबत्यांचा मुद्दा अजून कोणी काढला नाही. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये टेलिफोनचे भाग जोडणाऱ्या १४ जणांचं निरीक्षण केलं गेलं. ९ जण तारा जोडणारे, ३ डाख देणारे, २ तपासनीस. मोबदला गटाच्या उत्पादनावर, म्हणजे जास्त केलं तर सगळ्यांचा फायदा. तरी त्यांनी आपसांत दिवसाचा एक आकडा ठरवला होता. त्याच्या फार पुढे जो जाईल त्याच्या दंडावर ठोसा बसे. फार मागे राहणाराही नावडता. उत्पादन वाढलं की दर कापतील, माणसं कमी करतील, ही भीती त्यामागे होती. मला त्यांना आळशी म्हणवत नाही. नव्या पोराला आमच्याकडेही पहिल्याच आठवड्यात कोणीतरी हळूच सांगतं, "इतका पळू नकोस." ते थांबवायचं असेल तर दर कापणार नाही हा शब्द आधी द्यावा लागेल, आणि पाळावा लागेल.

---

दांडियाबाजारची_मावशी

मांडवीकर, त्या अहमदाबादच्या गटांचं पुढे काय झालं? अशी घडी टिकते का?

---

मांडवीकर

मावशी, टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर १९७० मध्ये परत बघायला गेले होते. साध्या, म्हणजे स्वयंचलित नसलेल्या मागांच्या एका शेडमध्ये गटांची पद्धत आणि काम जवळजवळ तसंच टिकलेलं होतं. स्वयंचलित मागांकडे मात्र ती हळूहळू विरून गेली होती. बाहेरून ताण वाढत गेला, आणि गटांना त्यांचं काम शांतपणे करू देण्याची जबाबदारी वरच्यांकडून नीट सांभाळली गेली नाही. म्हणजे घडी एकदा बसवून भागत नाही, तिची राखण हे सुपरवायझरचं रोजचं काम आहे. दुर्दैवाने त्यालाही फॉर्ममध्ये रकाना नाही.

मी यंदा प्रत्येक फॉर्मला एक पान जोडतोय: मशीन कोणतं व किती दिवस बंद, माल किती वेळा उशिरा, पाळी व सुपरवायझर किती वेळा बदलले, काय शिकवलं. ते पान माणसासमोर बसून भरायचं. वरचे वाचतील की नाही, तो पुढचा भाग. निदान ते फाइलमध्ये राहील.

---

मकरपुरा_लेथ

बघून आलो. लेथ एकाच वयाच्या नाहीत. दुसऱ्या पोराची जुनी आहे, बेड, म्हणजे टूल ज्यावर सरकतं तो भाग, झिजलाय. तो मला मागे म्हणाला होता, मी म्हटलं होतं मशीनला नावं ठेवू नको. फळा लावतो आणि महिनाभर दोघांच्या लेथ अदलाबदल करून आकडे इथे टाकतो.

---

मांडवीकर

जरूर करा लेथभाई, फक्त तीन गोष्टी सांभाळा. अदलाबदल का करतोय हे दोघांना आधी सांगा, नाहीतर पहिल्या पोराला शिक्षा झाल्यासारखं वाटेल. कोणी बघतंय म्हटलं की माणूस थोडे दिवस नेहमीपेक्षा जपून काम करतो, तेव्हा पहिल्या आठवड्याचे आकडे धरू नका. आणि एकूण जॉब आणि रिजेक्शन वेगवेगळं लिहा. जुन्या लेथवर पहिल्याचंही रिजेक्शन वाढलं तर आधी बेड घासून घ्या, पोराशी नंतर बोला. नाही वाढलं तर मलाही कळू द्या, मग दुसऱ्याला काय शिकवायचं ते आपण इथेच ठरवू.